डोटरेल वर्गाच्या स्क्रू-स्लूप युद्धनौका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोटरेल वर्ग म्हणजे नेमकं काय?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटिश नौदलाने एकाच आराखड्यावर बांधलेली नऊ छोटी युद्धजहाजं. डोटरेल, ड्रॅगन, पेगासस, गॅनेट, फिनिक्स, मिरांडा, किंगफिशर, म्युटीन आणि एस्पिएगल ही त्यांची नावं. १८७८ ते १८८० या दोन-तीन वर्षांत ती पाण्यात उतरली. आराखडा नौदलाचे मुख्य जहाजरचनाकार नॅथनिएल बार्नबी यांचा. त्याआधीच्या ऑस्प्रे वर्गाच्या जहाजांत सुधारणा करून तो तयार झाला होता.

लांबी १७० फूट, रुंदी ३६ फूट, वजन सुमारे ११३० टन. आपल्या हिशेबात सांगायचं तर मुंबई लोकलचे अडीच डबे लांब आणि तीन डबे रुंद. एवढ्या जागेत तीन डोलकाठ्या, वाफेचं इंजिन, बॉयलर, कोळसा, तोफा, दारूगोळा आणि दीडशेच्या आसपास माणसं. लोकलशी साम्य फक्त मापापुरतंच आहे असं कुणी समजू नये.

स्लूप म्हणजे एका डोलकाठीची शिडाची होडी ना?

आज यॉटवाल्यांच्या भाषेत हो. नौदलाच्या भाषेत मात्र 'स्लूप' हा जहाजाचा दर्जा होता, शिडांचा प्रकार नव्हे. फ्रिगेट आणि कॉर्व्हेटच्या खाली, गनबोटीच्या वर. कॉर्व्हेटवर कॅप्टन हुद्द्याचा अधिकारी असे, स्लूपवर त्याच्या एक पायरी खालचा कमांडर. त्यामुळे महत्त्वाकांक्षी तरुण अधिकाऱ्याला स्वतःच्या अखत्यारीतलं पहिलं मोठं जहाज मिळे ते बहुधा असलंच.

मग 'स्क्रू' हा शब्द नावात मुद्दाम का घालतात?

कारण एकेकाळी ती सांगण्याजोगी गोष्ट होती. वाफेची पहिली युद्धजहाजं दोन्ही बाजूंना मोठाली चाकं लावून चालायची. शांत खाडीत चाक उत्तम. पण लढाईत तेच सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नाजूक लक्ष्य. वर चाकाने दोन्ही कुशी अडवल्या, की तोफा ठेवायच्या कुठे? स्क्रू, म्हणजे आपले कोकणातले खलाशी ज्याला सरळ 'पंखा' म्हणतात तो, मागे पाण्याखाली असतो. गोळा लागत नाही, कुशी मोकळ्या राहतात, शिडांनाही अडचण होत नाही.

१८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने यावर एक झकास तमाशा केला. पंख्याचं 'रॅटलर' आणि चाकाचं 'अलेक्टो' या जवळपास सारख्या ताकदीच्या जहाजांना पाठीला पाठ लावून दोराने बांधलं आणि दोघांना पूर्ण वाफ द्यायला सांगितली. रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटहून (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जास्त वेगाने उलटं ओढत नेलं. गंमत अशी, की नौदलाने पंख्याच्या जहाजांची मागणी त्याआधीच नोंदवून ठेवली होती. म्हणजे रस्सीखेच शास्त्रासाठी कमी आणि शंकेखोरांचं तोंड बंद करण्यासाठी जास्त.

डोटरेल वर्गाच्या वेळेपर्यंत चाकांचा जमाना गेला होता, पण यादीत जुनी सवय म्हणून 'स्क्रू-स्लूप' हा शब्द टिकला. जसं आपण अजून 'कलर फोटो' म्हणतो.

इंजिन होतं, तर शिडं कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा थोड्या हेटाळणीने येतो, की 'नौदलातल्या म्हाताऱ्यांना बदल नको होता.' म्हातारे होते, हट्टीही होते. पण उत्तर कोळशाच्या कोठारात आहे.

या जहाजात सुमारे १५० टन कोळसा मावे. दहा नॉटच्या वेगाने गेलं तर तेवढ्यात साधारण १४८० सागरी मैल कापता येत. गुणाकार-भागाकार केला तर तासाला जवळजवळ एक टन कोळसा होतो, आणि तो फावड्याने माणसं टाकत असत. सहा दिवसांत कोठार रिकामं. आता नकाशा उघडा. मुंबई ते एडन हे अंतर साडेसोळाशे सागरी मैलांच्या घरात आहे. म्हणजे ठासून कोळसा भरून मुंबई सोडलेलं हे जहाज, नुसत्या वाफेवर आणि त्या वेगाने, एडनचा किनारा दिसण्याआधीच थंडगार पडलं असतं. आणि हा तर वर्दळीचा मार्ग. प्रशांत महासागरात दोन बेटांच्या मधे कोळशाची वखार कोण घालून बसलं होतं?

वारा मात्र फुकट. म्हणून लांबच्या प्रवासात आग विझवायची, शिडं चढवायची आणि वाऱ्यावर जायचं. बंदरात शिरताना, अरुंद खाडीत, वारा पडला असताना किंवा कुणाचा पाठलाग करताना बॉयलर पेटवायचा. ही जहाजं 'बार्क' पद्धतीची होती: पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, मागच्या काठीवर उभं शिड. वाफेवर वेग साडेअकरा नॉटच्या आसपास.

त्या काळच्या अशा अनेक जहाजांवर धुराडं दुर्बिणीसारखं खाली सरकवता येई, म्हणजे शिडांना अडथळा नको. काहींत पंखासुद्धा एका उभ्या विहिरीतून वर उचलून घेत, कारण न फिरणारा पंखा पाण्यात ब्रेकसारखं काम करतो. 'धुराडं वर, पंखा खाली' हा हुकूम मिळाला की डेकवरच्या सगळ्यांना कळे, आता कपडे काळे होणार.

सांगाडा लोखंडी आणि वर लाकडी फळ्या, ही खिचडी का?

या खिचडीला 'कॉम्पोझिट' बांधणी म्हणतात आणि माझ्या मते या जहाजांतली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

उष्ण समुद्रात जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे चिकट जीव लागतात. काही महिन्यांत बूड खरखरीत होतं, वेग उतरतो, कोळसा जास्त जळतो. लाकडी जहाजांवर यावर जुना, खात्रीचा उपाय होता: तांब्याचे पत्रे ठोकणं. तांब्यावर हे जीव टिकत नाहीत, शिवाय लाकूड पोखरणारा समुद्री किडाही आत शिरत नाही. लोखंडी जहाजाला मात्र थेट तांबं लावता येत नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि तांबं एकमेकांना लागली की त्यांची बॅटरी बनते आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. लोखंडी जहाज दर काही महिन्यांनी सुक्या गोदीत घेऊन घासावं लागतं. फिजीला किंवा झांजिबारला सुकी गोदी कुठून आणणार?

मग पूर्ण लाकडीच का नको? कारण इंजिनाचा थरथराट. लांब लाकडी सांगाडा यंत्राच्या हादऱ्यांनी सैल होतो, सांधे उघडतात, पाणी झिरपतं.

तेव्हा आतला सांगाडा लोखंडाचा, यंत्राला घट्ट धरणारा. त्यावर लाकडी फळ्यांची कातडी. आणि त्या कातडीवर तांबं. मधलं लाकूड दोन्ही धातूंना एकमेकांपासून लांब ठेवतं. घर्षणाचा प्रश्नही सुटला, गंजाचाही. आणखी एक फायदा होता: दूरच्या किनाऱ्यावर खडकाला घासून फळी फुटली, तर जहाजावरचा सुतार ती बदलू शकत असे. लोखंडी पत्रा वाकला तर कारखाना शोधावा लागतो.

त्या फळ्या सागाच्या होत्या म्हणतात. म्हणजे आपल्याकडचं लाकूड?

या वर्गातलं आज उरलेलं एकमेव जहाज म्हणजे गॅनेट. त्याच्या फळ्या सागाच्या आहेत, हे खरं. त्या नेमक्या कुठल्या रानातल्या, यावर उगाच छाती फुगवायला नको. पण ब्रिटिश नौदलाला सागाची गोडी लागली त्यात मुंबईच्या गोदीचा मोठा हात आहे, हे निर्विवाद. वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी मुंबईत बांधलेली सागवानी जहाजं ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी टिकली. साग कुजत नाही, त्यातल्या तेलामुळे किड्याला आवडत नाही, आणि ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात तसा त्रासही सागात होत नाही. लोखंडाच्या सांगाड्यावर बसवायला यापेक्षा चांगलं लाकूड नाही. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते अजून तरंगतं आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.

तोफा कोणत्या होत्या?

सात इंच तोंडाच्या दोन जड तोफा आणि ६४ पौंडी चार. शिवाय मशीनगन आणि एक हलकी तोफ. सात इंची तोफेचा गोळा सुमारे ५० किलोचा. ही तोफ फिरत्या गाड्यावर बसवून डेकवरच्या लोखंडी रुळांवरून कधी डाव्या, कधी उजव्या कुशीला वळवत.

यातली नवल वाटणारी गोष्ट म्हणजे जड तोफा तोंडातून ठासायच्या होत्या. १८७८ साली! ब्रिटिशांनी १८६० च्या सुमारास मागून भरायच्या तोफा आणल्या, त्या त्रास देऊ लागल्या, म्हणून ते परत ठासणीकडे गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथेच अडकले. बाकीचे देश पुढे गेले. शिडांवरून टीका करणाऱ्यांनी खरं तर तोफांवरून करावी.

चिलखत होतं का?

नाही. ही चिलखती जहाजं नव्हेत. बरोबरीच्या शत्रूशी लढणं हे त्यांचं काम नव्हतंच.

मग काम काय होतं?

साम्राज्याची चौकीदारी. आरमारी लढाईपेक्षा पोलीस ठाण्याच्या कामाशी जास्त जुळणारी. कुठे ब्रिटिश वकिलातीला संरक्षण, कुठे बुडालेल्या जहाजाचा शोध, कुठे किनाऱ्याची मोजणी, कुठे एखाद्या सरदाराला तोफा दाखवून 'विनंती'. मिरांडा आणि एस्पिएगल ऑस्ट्रेलिया स्टेशनवर, म्हणजे नौदलाच्या त्या भागातल्या ताफ्यात होती. प्रशांतातल्या बेटांवरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर पळवून नेले जात, त्यावर लक्ष ठेवणं हाही तिथल्या जहाजांच्या कामाचा भाग. गॅनेटने आधी प्रशांतात दिवस काढले, मग तांबड्या समुद्रात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध गस्त घातली.

गस्तीचं खरं काम जहाजाने नव्हे, जहाजावरच्या होड्यांनी होई. अरबी 'धाऊ' ही शिडाची होडी पाच हात पाण्यातून खडकांच्या आतून सटकते; स्लूपला पंधरा-सोळा फूट पाणी लागतं. म्हणून मोठं जहाज लांब उभं राही आणि दहा-पंधरा खलाशी उघड्या होडीत, उन्हात, बिस्किटं आणि पाण्याच्या पिंपासह कित्येक दिवस किनारा धुंडाळत. या कामाची नैतिक बाजू चांगली होती, यात शंका नाही. मात्र तीच जहाजं त्याच वर्षांत दुसऱ्या कुणाच्या गावावर तोफा डागत होती, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

गॅनेटची मोठी लढाई १८८८ ची. सुदानच्या किनाऱ्यावरचं सुआकिन बंदर उस्मान दिग्ना या सेनापतीच्या महदी, म्हणजे तिथल्या धार्मिक उठावातल्या, फौजांनी वेढलं होतं. गॅनेटने जवळजवळ महिनाभर तिथे ठाण मांडून तोफांनी शहराचा बचाव केला. दहा वर्षांची ही नौका तेव्हाच जुनाट गणली जात होती.

डोटरेल जहाजाचं काय झालं?

वर्गाला ज्याचं नाव मिळालं, ते जहाज पाण्यात उतरल्यापासून जेमतेम चौदा महिने टिकलं.

डोटरेल १८८० साली चॅटमच्या गोदीत तयार झालं. पहिलीच मोठी सफर प्रशांत महासागराकडे. पनामा कालवा नव्हता, त्यामुळे दक्षिण अमेरिकेला वळसा घालून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जायचं. २६ एप्रिल १८८१ च्या सकाळी त्याने चिलीच्या पुंता अरेनास गावासमोर नांगर टाकला. त्यानंतर थोड्याच वेळात पुढच्या भागात स्फोट झाला, लगोलग दारूकोठार उडालं आणि जहाज काही मिनिटांत तळाशी गेलं. १४३ माणसं गेली. वाचली १२, त्यांत कमांडर रिचर्ड इव्हान्स होते.

कारण सापडेना. बॉयलर फुटला म्हणावं, तर पाणबुड्यांना तशा खुणा दिसल्या नाहीत. आयरिश बंडखोरांनी कोळशात बाँब लपवला, अशी कुजबुज झाली. चौकशीत कोळशाच्या वायूवर बोट ठेवलं गेलं.

मग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, पुन्हा चिलीच्याच किनाऱ्यावर, 'ट्रायम्फ' नावाच्या मोठ्या जहाजावर स्फोट होऊन माणसं दगावली. तिथे कारण स्पष्ट होतं: झेरोटाइन सिकेटिव्ह. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात मिसळायचं हे द्रव्य. कुणी त्याला स्फोटक समजत नव्हतं. ते रंगाच्या डब्यांबरोबरच ठेवलेलं असे. त्याची वाफ मात्र पेट्रोलच्या वाफेसारखी, हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि खालच्या बंद खोल्यांत साचून राहते.

शेवटचा धागा एका नाकाने जोडला. डोटरेलवर काम केलेला एक माणूस पुढे दुसऱ्या जहाजावर होता. तिथे रंगाजवळचा वास येताच तो म्हणाला, हाच वास स्फोटाच्या आधी आमच्या जहाजावर येत होता. मग उलगडत गेलं, की त्या सकाळी पुढच्या दारूकोठाराखाली या द्रव्याची बरणी हलवताना तडकली होती. ती समुद्रात फेकून देण्याचा हुकूम झाला, फेकलीही. पण सांडलेलं पुसायला खाली जायचं तर अंधार, आणि अंधारात उजेड म्हणजे उघडी ज्योत.

नौदलाने ते द्रव्य जहाजांवरून हद्दपार केलं.

वर्गातलं आणखी एक जहाज बुडालं ना?

फिनिक्स. १२ सप्टेंबर १८८२ रोजी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्व टोकाशी खडकावर चढलं. इथे गंमत, म्हणजे झाल्यावर गंमत वाटावी अशी, ही की दोष दीपगृहाकडे गेला. नकाशात ते अगदी टोकावर दाखवलेलं, प्रत्यक्षात टोकापासून अर्धा मैल आत. दिव्यावर विश्वास ठेवून वळलं की खडक. काही वर्षांतच अख्खं लाकडी दीपगृह उचलून टोकाकडे सरकवण्यात आलं.

नावं इतकी विजोड का?

पक्षी, दंतकथा, शेक्सपिअर आणि फ्रेंच अशी मिसळ आहे. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. गॅनेट हा उंचावरून सुळकी मारणारा समुद्रपक्षी. मिरांडा शेक्सपिअरच्या नाटकातली, वादळ आणि बेटाच्या गोष्टीतली. म्युटीन आणि एस्पिएगल ही मुळात फ्रेंचांकडून पकडलेल्या जुन्या जहाजांची नावं. पहिल्याचा अर्थ हट्टी, दुसऱ्याचा खोडकर. शत्रूचं जहाज मोडीत गेलं तरी त्याचं नाव आपल्या जहाजाला देत राहायचं, ही ब्रिटिश नौदलाची खास खोड.

आणि डोटरेल? टिटवीच्या कुळातला एक पक्षी. माणसाला न घाबरता सहज पकडला जाणारा, म्हणून इंग्रजीत त्याच्या नावाला बावळटपणाची छटा. पक्ष्याच्या स्पेलिंगमध्ये दोन टी आहेत, जहाजाच्या नावात एकच. शोधताना दोन्ही टाकून पाहा.

गॅनेटच कसं वाचलं?

पराक्रमामुळे नव्हे. वसतिगृह म्हणून.

१८७८ च्या ऑगस्टमध्ये शीअरनेसला उतरलेलं हे जहाज १८९५ ला सक्रिय सेवेतून निघालं. भंगारात जायचं ते १९०३ मध्ये लंडनला राखीव नौसैनिकांच्या कवायतीसाठी ठेवलं गेलं, नाव बदलून 'प्रेसिडेंट'. पुढे हॅम्बल नदीत 'मर्क्युरी' या मुलांच्या नौकाशाळेला मिळालं आणि पन्नासहून जास्त वर्षं पोरं त्याच्या पोटात झोपली.

इथे क्रिकेटवाल्यांनी कान टवकारावेत. ती शाळा चालवणारे गृहस्थ म्हणजे सी. बी. फ्राय. ससेक्सकडून रणजितसिंहांच्या जोडीने खेळणारे, पुढे राष्ट्रसंघात रणजींचे सहायक म्हणून जिनिव्हाला गेलेले. ज्यांच्या नावाने रणजी करंडक आहे, त्यांच्या जिवलग मित्राच्या शाळेचं हे वसतिगृह. प्रत्यक्षात शाळेचा कारभार फ्राय यांच्या पत्नी बीॲट्रिस यांच्या हातात होता आणि त्यांची शिस्त कडक नव्हे, कठोर होती असंच तिथून बाहेर पडलेले सांगत.

शाळा १९६८ मध्ये बंद पडली. जहाज जतन करणाऱ्यांच्या हाती आलं, १९८७ मध्ये चॅटमला पोचलं आणि बऱ्याच वर्षांच्या डागडुजीनंतर पुन्हा डोलकाठ्यांसह उभं राहिलं. डोटरेल जिथे जन्मलं, त्याच गोदीत.

शिडं अखेर कधी गेली?

नौदलाने पुढची वीस वर्षं शिडांचे स्लूप बांधणं चालूच ठेवलं. डिसेंबर १९०१ मध्ये 'काँडर' हा नवाकोरा स्लूप कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वादळात सर्व माणसांसह नाहीसा झाला आणि छोट्या जहाजांवरचा शिडांचा भार हा गंभीर प्रश्न झाला. १९०४ मध्ये ॲडमिरल फिशर नौदलाच्या प्रमुखपदी आले. लढायला दुबळी आणि पळायला संथ अशी जहाजं त्यांनी डझनांनी यादीतून काढली.

मुंबईत अशी पंख्याची जुनी युद्धनौका होती का?

अशीच नव्हे, पण होत्या. 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' या बुटक्या, चिलखती, फिरत्या बुरुजांच्या दोन नौका १८७० च्या दशकापासून मुंबई बंदराच्या रक्षणासाठी होत्या. दोन-दोन पंखे, आणि डेक पाण्याला जवळजवळ टेकलेला. दोन्ही आता नाहीत. मॅग्डालाची सख्खी बहीण 'सर्बेरस' मात्र ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ हाफ मून बेमध्ये लाटा अडवण्यासाठी बुडवून ठेवली होती. गंजलेली, वाकलेली, पण किनाऱ्यावरून दिसते.

गॅनेट पाहायला कसं जायचं?

लंडनहून केंट परगण्यातल्या चॅटमला रेल्वेने. तिथल्या ऐतिहासिक गोदीच्या तिकिटात आत जाता येतं. खालच्या डेकवर उतरताना डोकं सांभाळा.